दोघांपुरती खोली

बदलापूर (पूर्व)
२२ जानेवारी २०२३

सुमेधा टिपणीस यांस,

सप्रेम नमस्कार.

वर नुसतं नाव लिहिलंय, रागावू नका. केंद्रावर सगळ्यांसारखं मीही तुम्हाला ताई म्हणतो. पण ह्या पत्रात जे विचारायचंय ते कुठल्या ताईला विचारता येत नाही, म्हणून तो शब्द काढला.

बदलापूरला येऊन तीन आठवडे झाले. घोडपदेवची आमची चाळ पाडायला घेतली. नवा टॉवर उभा राहीपर्यंत बिल्डर भाडं देतो, त्या भाड्यात माझ्या मुलाला, हितेंद्रला, इथेच परवडलं. दोन खोल्या, किचन, बाल्कनी. सून प्राची म्हणते, अप्पा, आता हातपाय पसरून झोपा. पसरतो, पण झोप येत नाही. सकाळी खाली उतरलो की 'काय रे' कोणाला म्हणायचं तेच कळत नाही. सगळे कामावर गेलेले. उरतो मी आणि वॉचमन.

केंद्रावर आता फक्त मंगळवारी येणं जमेल. चार वर्षं आपण परळच्या त्या काउंटरवर शेजारी बसलो. गावाहून आलेल्या पेशंटच्या माणसांसाठी तुम्ही फोन लावायचा, धर्मशाळा, लॉज, कोणाची रिकामी खोली शोधायची आणि मी त्यांना सोबत घेऊन दाखवायला जायचं. किती जणांची सोय लावली आपण! गेल्या मंगळवारी परत येताना मनात आलं, आपली सोय कोण लावणार?

मी एकसष्ट वर्षांचा आहे. बेस्टमध्ये वायरमन होतो, पेन्शन किती ते तुम्हाला माहीत आहे. बायको जाऊन आठ वर्षं झाली. साखर आहे, पण ताब्यात. तुमच्याशी लग्न करावं असं मला वाटतं. शेजारी बसलेलो असताना तोंडातून निघालं नाही आणि एवढ्या लांब आल्यावर निघतंय, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या घरात फोनवर बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्र. केंद्राच्या पत्त्यावर पाठवतोय. काउंटरवरची स्पृहा तुमच्या हातात देईल, उघडणार नाही, तेवढी पोर शहाणी आहे.

नाही म्हणायचं असेल तर उत्तर देऊ नका. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा माझ्यासाठी चहा मागवा. मी समजेन, आणि पुन्हा ताई म्हणेन.

आपला,
रामदास साळसकर


गिरगाव
१ फेब्रुवारी २०२३

साळसकर,

काल मी चहा मागवला नाही. स्पृहाने मागवला. कप समोर आल्यावर तुमचा चेहरा असा उतरला की एका पेशंटच्या भावाने तुम्हालाच विचारलं, काका, बरं वाटत नाही का. मला हसू आवरेना आणि चार माणसांत तुम्हाला सांगताही येईना.

हो. आधी हे लिहून टाकते. खाली जे काही वाचाल ते वाचताना हा शब्द विसरू नका.

आता विचारते. कुठे?

तुम्ही आमची खोली बघितलेली नाही. दुसरा मजला, एकच खोली आणि पोटमाळा. माझी सून सलोनी घरूनच काम करते. सकाळी दहाला तिचा कॅमेरा चालू होतो तो दिवे लागेपर्यंत. मी मागे दिसू नये म्हणून पडदा लावलाय. कुकरची शिट्टी ऐकू जायला नको म्हणून मी दहाच्या आत स्वयंपाक उरकते. ती वाईट नाही हो. मीटिंगमध्ये असताना मला खोकला आला की ओठावर बोट ठेवते आणि नंतर येऊन सॉरी म्हणते. पण खोकायला म्हणून जिन्यात जायचं वय आहे का माझं?

म्हणून मी बाहेर असते. वाचनालय, देऊळ, मग खोताच्या वाडीतून एक चक्कर. तिथल्या एका घराला बाहेरून लाकडी जिना आहे. संध्याकाळी त्यावर एक म्हातारं जोडपं बसलेलं असतं. तो पेपर वाचतो, ती शेंगा सोलते. एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. मी त्यांच्यासमोरून मुद्दाम सावकाश चालते. मला तेवढंच हवंय, साळसकर. कोणाच्या तरी शेजारी बसून न बोलणं.

आमची खोली पागडीची, हे गेल्यावर माझ्या नावावर झाली. आता आमच्याही चाळीचं पाडापाडीचं चाललंय. बिल्डरची माणसं मोजमाप करून गेल्यापासून गॅलरीत दुसरा विषय नाही. शेजारचे वसंतराव परवा म्हणाले, "सुमेधावहिनी, तुम्ही आता कोट्यधीश." कोटीच्या खोलीत राहते आणि दुपारी पाठ टेकायला जागा नाही.

तुम्ही शोधा. खोली कितीही लहान चालेल, पण दार आपलं हवं.

आणि मला सुमेधा म्हणा.

सुमेधा


बदलापूर
१९ फेब्रुवारी २०२३

सुमेधा,

लिहिलं. एकदा खोडून पुन्हा लिहिलं.

दोन मंगळवार केंद्रावरून लवकर निघून खोल्या बघतोय. माझा बाप जिथे साचे चालवायचा त्या मिलच्या जागेवर आता टॉवर आहे. सहज गेटवर विचारलं. तिथलं एका महिन्याचं भाडं म्हणजे माझी वर्षाची पेन्शन. वॉचमन आपल्या मालवणचाच निघाला, म्हणाला, "काका, हयसर आपण फक्त गेट उघडूचा." दोघंही हसलो.

करी रोडला राजेश नावाचा एजंट आहे. त्याने पहिला प्रश्न केला, "काका, फॅमिली आहे?"

म्हटलं, "होईल."

"होईल म्हणजे? लग्न झालेलं नाय?"

"ठरलंय."

तो माझ्या पांढऱ्या डोक्याकडे बघत राहिला. "सॉरी काका, बॅचलर लोकांना सोसायटी नाय देत." आमचे शेजारी ऐकतील तर वर्षभर हसतील. पण शेजारी आता कुठे आहेत? कोण कल्याणला, कोण विरारला.

शेवटी लालबागला मिळाली. चिवडा गल्लीच्या मागे, पहिल्या मजल्यावर. मालकीण विधवा बाई आहे, गावी जायची आहे. तिने काही खोदून विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "दोघंच ना? मग भांडायला जागा पुरेल." खाली मिरचीचं दुकान आहे, उन्हाळ्यात खकाणा उडेल, शिंकत बसावं लागेल. पण दार आहे, मोरी आत आहे आणि खिडकीत दोन खुर्च्या मावतात, मी ठेवून बघितल्या. मी वायरिंगची कामं पुन्हा घेतली तर पेन्शनला फार हात न लावता भाडं निघेल. मालकीण पाडव्यापर्यंत थांबते म्हणाली. टोकन देऊन आलोय.

चावी हातात घेऊन मी त्या रिकाम्या खोलीत थोडा वेळ उभा राहिलो. तुम्ही कुठे बसाल, कुठे काय ठेवाल ते बघत होतो. बाईने खालून हाक मारली तेव्हा भानावर आलो.

घरी सांगा आता.

रामदास


गिरगाव
३ मार्च २०२३

साळसकर,

सांगितलं. रविवारी, जेवणं झाल्यावर. सलोनी भांडी घासत होती, तिने नळ बंद केला.

पुष्कर म्हणाला, "साळसकर म्हणजे तुझ्या केंद्रावरचे? ते वायरमन?"

"हो."

"घोडपदेवचे?"

"आता बदलापूरचे."

नंतर दोन दिवस घरात फक्त 'मीठ दे' आणि 'लाइट बंद कर' एवढंच बोलणं. बुधवारी ऑफिसला जाताना दारातून परत आला. "आई, लग्नाला माझी ना नाही. खरंच नाही. पण खोलीचं काय?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "खोली कुठे जातेय?"

"तुला काही झालं तर कायद्याने नवराही वारस होतो. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा. आई, माझ्या पगारात मी मुंबईत सोड, विरारच्या पुढेही घर घेऊ शकत नाही. ही खोली गेली तर आम्ही संपलो. मूल कधी होऊ द्यायचं, हेसुद्धा आम्ही त्या बिल्डरच्या तारखेवर ठेवलंय." सलोनी पडद्याआड होती. तिचा कॅमेरा चालू होता, तरी ती रडत होती हे मला इकडून कळलं.

त्याच्या मित्राने कागद तयार केलेत. लग्नाआधी मी खोलीवरचा हक्क पुष्करला द्यायचा. मला राग यायला हवा होता, आला नाही. त्याचं काय चुकलं? द्यायची त्यालाच आहे. आज काय नि उद्या काय.

पाडव्याआधी सही करून टाकते आणि मोकळ्या मनाने लालबागला येते. खिडकीतल्या दोन खुर्च्यांतली डावीकडची माझी. तुम्हाला काय वाटतं?

सुमेधा


बदलापूर
९ मार्च २०२३

सुमेधा,

सही करू नका.

खोली तुमच्या नावावर राहू दे. लग्न लांबलं तरी चालेल. लालबागची खोली हातची गेली तरी चालेल, दुसरी बघू. पण सही करू नका. कोणी कितीही समजावलं, रडलं, तरी करू नका.

कारण विचारू नका. पत्रात लिहिण्यासारखं नाही आणि काउंटरवर बोलण्यासारखंही नाही. पुष्कर चांगला मुलगा आहे, तुमच्या बोलण्यातून मला दिसतो. मुलं चांगलीच असतात.

एवढं माझं ऐका. सही करू नका.

रामदास


गिरगाव
१६ मार्च २०२३

साळसकर,

ह्या मंगळवारी मी केंद्रावर नव्हते, ताप होता. पत्र अर्जंट असेल म्हणून स्पृहाने घरी आणून दिलं. मी झोपले होते. पुष्करने घेतलं आणि वाचलं. ह्या घरात कोणाचंच काही बंद राहत नाही, पत्र कसं राहील?

त्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. तुमचे शब्द त्याच्या तोंडून फार वेगळे ऐकू आले. वाचून झाल्यावर म्हणाला, "लग्न लांबलं तरी चालेल, पण खोली नावावर राहू दे. आता तूच सांग आई, हा माणूस लग्न कोणाशी करतोय? तुझ्याशी की खोलीशी?"

मी म्हटलं, "तू त्यांना ओळखत नाहीस."

पण नंतर पडल्या पडल्या मनात आलं, मी तरी किती ओळखते? हे मनात आलं हे तुमच्यापासून लपवलं असतं तर मलाच माझी लाज वाटली असती, म्हणून लिहिते आहे.

कारण सांगा. काहीही असलं तरी चालेल. एक ओळ लिहा, मी ती पुष्करसमोर ठेवेन आणि विषय संपेल. पाडवा बुधवारी आहे.

तुमची वाट बघते आहे.

सुमेधा


बदलापूर
२३ मार्च २०२३

श्रीमती सुमेधाताई यांस,

सादर नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. आपल्या मनात जे आलं ते येणं साहजिक आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

काल लालबागच्या मालकिणीला जाऊन नाही सांगून आलो. टोकन तिने परत दिलं, भली बाई आहे. केंद्रावर येणं ह्यापुढे जमेलसं वाटत नाही, स्पृहाला तसं कळवलं आहे. सही करावी की नाही हे आपण ठरवावं. घर आपलं आहे.

तापानंतर अशक्तपणा राहतो. भाताची पेज घ्यावी.

आपला नम्र,
रा. साळसकर


बदलापूर
४ जून २०२३

काकू,

नमस्कार. मी प्राची, अप्पांची सून. पत्र लिहायची मला सवय नाही, शाळेत आजारपणाची चिठ्ठी लिहिली तेवढीच. तुमचा नंबर अप्पांनी मोबाइलमधून काढून टाकलाय, म्हणून हे. पत्ता तुमच्या जुन्या पाकिटावरून घेतला.

अप्पांना माहीत नाही मी लिहितेय ते. हितेंद्रला पण नाही.

तुम्ही कारण विचारलं होतं ना? मी सांगते. दोन वर्षांपूर्वी हितेंद्रची नोकरी गेली होती, त्याला गाडी घेऊन धंदा करायचा होता. बँकेला कागद पाहिजे होते. अप्पांनी घोडपदेवची खोली त्याच्या नावावर करून दिली. न वाचता सही केली, "तुझीच हा रे ती," म्हणाले. हितेंद्रने गळ्यात पडून सांगितलं होतं, अप्पा, नवीन घर झालं की खिडकीजवळची जागा तुमची. खोटं नव्हता बोलत. खरंच वाटत होतं त्याला तसं.

पण आता टॉवरचे कागद आले. महिन्याचा मेंटेनन्सच एवढा येणार की आमची छाती होणार नाही. मग हितेंद्रने ठरवलं, ताबा मिळाला की विकायचं. त्या पैशात इथे मोठं घर येतं, वर उरतात. मार्चच्या सुरुवातीला तो एजंटशी बोलत होता, ते अप्पांनी ऐकलं. काकू, अप्पांना वाटत होतं आपण परत जाणार. इथे ते पाहुण्यासारखे राहतात, बॅगसुद्धा पूर्ण उपसली नाही त्यांनी. ऐकलं आणि फक्त "बरं" म्हणाले. त्यानंतर तीन दिवसांनी त्यांनी तुम्हाला ते सही करू नका लिहिलं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, अप्पा सांगा ना त्यांना खरं काय ते. तर म्हणाले, "पोटच्या पोराबद्दल दुसऱ्याच्या घरात काय लिहू? त्यांचा मुलगा वाचील. हितेंद्र वाईट नाही, आणि वाचणाऱ्याला तो वाईटच वाटेल."

खरं सांगू? ते घर विकलेलं मला पण हवंय. मला स्वतःचं किचन पाहिजे, माझी पण चाळीत बारा वर्षं गेली. म्हणून मी हितेंद्रशी भांडत नाही. पण तुमच्याबाबतीत जे झालं ते बघवत नाही. अप्पा जेवतात, गोळ्या घेतात, कोणाला त्रास नाही. दुपारी बाल्कनीत बसतात. पोस्टमन दिसला की उठून उभे राहतात, तो पुढे गेला की बसतात.

चूकभूल माफ करा.

तुमची,
प्राची


गिरगाव
१६ जून २०२३

साळसकर,

प्राचीने मला सगळं लिहिलं. तिला एका शब्दाने बोलायचं नाही. बोललात तर मी तिकडे येऊन भांडेन.

पत्र मी पुष्करला वाचायला दिलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "मी असं नाही करणार, आई."

मी म्हटलं, "हितेंद्रही असंच म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. तू वाईट नाहीस, तोही नाही. भाव वाईट आहेत. उद्या ते तुला काय करायला लावतील हे तुलाही माहीत नाही."

मार्चमध्ये मी सही केली नव्हती. तुमच्यावर विश्वास होता म्हणून नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. तुमचं ते 'ताई' वाचल्यावर लग्नच उरलं नाही, मग कागद कशाला, म्हणून. पुष्करनेही पुन्हा विषय काढला नाही. एक दिवस तो मला पेज करून घेऊन आला. तुमच्या पत्रातलं वाचलं होतं त्याने.

परवा आम्ही तिघं वकिलाकडे गेलो. मी असेपर्यंत खोली माझ्या नावावर, माझ्यामागे पुष्करची, असं मृत्युपत्र केलं. तुमचं नाव त्यात कुठेही नाही. तुम्हाला ते चालेल, असं तुम्हाला न विचारता सांगून टाकलं. एवढं सोपं होतं, आणि आपण तीन महिने घालवले. आपल्या वयात तीन महिने म्हणजे थोडे नाहीत.

मग लालबागला गेले, एकटीच. पत्ता ठाऊक नव्हता, चिवडा गल्लीच्या मागे मिरचीचं दुकान शोधत गेले. वरच्या खिडकीत दुपटी वाळत होती. कोणी तरुण जोडपं राहायला आलंय. मी खाली उभी राहून शिंकत होते, दुकानदार म्हणाला, "बाई, सवय होईल."

इथे आपल्याला कोणी दार देणार नाही, साळसकर. मी आता रोज जाहिराती बघते. ज्या गल्ल्यांत आपण म्हातारे झालो त्या आपल्याला परवडत नाहीत. म्हणून विचारते, बदलापुरात दोघांपुरती खोली मिळते का? मी दादरला जन्मले आणि लग्न होऊन गिरगावात आले. त्याच्या पलीकडे लग्नाकार्यापुरती गेले असेन. पण येईन.

हे पत्र केंद्रावरून नाही, घरून पाठवते आहे. उत्तरही घरच्याच पत्त्यावर पाठवा.

सुमेधा


बदलापूर
२३ जून २०२३

सुमेधा,

पोस्टमन आज थांबला.

प्राचीला काही बोललो नाही. तिने पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसली. मी तिला चहा करून दिला, तेवढंच.

हितेंद्रबद्दल लिहायला हात वळला नव्हता. आताही वळत नाही. त्याला चूक म्हणता येत नाही, ही खरी पंचाईत आहे. पण मला परत जायचं होतं. घोडपदेवला. नव्या टॉवरात का होईना, त्याच रस्त्यावर उतरायचं होतं. ते आता व्हायचं नाही. हे एकदा कोणाला तरी सांगायचं होतं, ते तुला सांगितलं. पत्रात 'तू' लिहिलंय. तोंडाने म्हणायला थोडे दिवस लागतील.

आता माझं ऐक आणि मग ठरव. इथे तुझ्या वाचनालयासारखं वाचनालय जवळपास नाही. समुद्र नाही. दिवसातून तीनदा लाइट जाते. भाजीवाली तुला ओळखणार नाही. मंगळवारी केंद्रावर जायचं म्हणजे पहाटे उठायचं. मी एकटा तुझ्या गिरगावाला पुरा पडणार नाही. महिन्याभराने तू खिडकीत बसून चर्नी रोडचं नाव घेशील आणि मला ते बघवणार नाही.

एवढं सगळं लिहून खोली बघून आलो. मनुष्य असा. आमच्या बिल्डिंगपासून चार गल्ल्या सोडून, जुनी इमारत, खोली आणि किचन. मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो. भाडं आपल्याला सहज झेपेल. मालक विचारत होता, "किती माणसं?"

दोन, म्हटलं.

सांग. तुला उलटसुलट विचार करायचा असेल तर कर. ह्या वेळी मी कुठेही जात नाही.

रामदास


गिरगाव
४ मार्च २०२४

साळसकर,

लग्नाला सात महिने झाले तरी हेच नाव तोंडात येतं. तुम्ही मात्र तू म्हणायला शिकलात.

इथे येऊन नऊ दिवस झाले. भाडेकरू म्हणून माझ्या सह्या, फोटो, अंगठे सगळं झालं. महिनाअखेर चाळ रिकामी करायची आहे. तळमजल्यावरचे लोक गेलेसुद्धा. दारं उघडी, आत कोणी नाही, भिंतींवर कॅलेंडरांचे चौकोन. वसंतराव रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि कोण कुठे गेलं ते सांगतात. नालासोपारा, दहिसर, डोंबिवली. कोट्यधीश सगळे.

तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं होतं. मी बदलापूरच्या खिडकीत बसून चर्नी रोडचं नाव घेतलं. एकदा नाही, खूपदा. तुम्ही डोंगराकडे बघत बसलात, म्हणून मी मनातल्या मनात घ्यायला लागले. इथे यायला मिळालं तेव्हा मी पहिल्या दिवशी चपला न काढता पुन्हा बाहेर पडले. चौपाटी, देऊळ, वाचनालय, सगळीकडे जाऊन आले. भाजीवालीने हाताला धरून बसवलं. वसंतरावांची बायको म्हणाली, "माहेरपणाला आलीस होय गं?" मी ह्या चाळीत सून म्हणून आले होते. आता हे माझं माहेर झालं. सलोनीही मला काही काम करू देत नाही, दुपारी कॅमेरा बंद करून माझ्याजवळ येऊन पडते. तिला भीती वाटते आहे.

तीन दिवस असे गेले की मी तुम्हाला फोन करायचंही विसरले. रागावू नका, खरं ते लिहिते. चौथ्या दिवशी संध्याकाळी चौपाटीवर बसले होते. समोर पाणी, ज्यासाठी मी तिकडे झुरत होते तेच. आणि मनात काय आलं? आता तिकडे डोंगरावर ऊन तांबडं झालं असेल, तुम्ही बनियनवर खिडकीत आला असाल, आणि मी नाही म्हणून लाइट लावायचं विसरला असाल. मला त्या समुद्रासमोर बसवेना. उठून आले. तेव्हापासून रोज असंच होतं आहे.

पुष्कर भाड्याची जागा शोधतोय. बिल्डर देतो त्यात गिरगावात तर नाहीच, बोरिवलीतही बसत नाही. काल आम्ही दोघंच होतो. तो डबे बांधत होता, मी वर्तमानपत्रं फाडून देत होते. एकदम म्हणाला, "आई, घरी कधी जाणार आहेस?"

माझ्या नावाच्या खोलीत बसलेली मी, आणि हा मला घरी कधी जातेस म्हणून विचारतो. ओठावर आलं होतं. मग त्याच्याकडे बघितलं. तो दोरीला गाठ मारत होता, त्याच्या मनात काहीच नव्हतं. माझं घर कुठे आहे हे त्याला सरळ कळलं होतं.

"बुधवारी," म्हटलं.

त्याने गाठ घट्ट केली. "मीपण येऊ का बरोबर? तुमच्या तिकडे काय भाव आहेत बघतो. सलोनीचं काय, तिला कुठूनही कॅमेरा लावता येतो."

मी आणखी एक वर्तमानपत्र फाडून त्याच्याकडे सरकवलं. त्याला रडू येत होतं आणि ते मला दिसू नये म्हणून तो डब्यात डोकं घालून बसला होता. छत्तीस वर्षांचा आहे, ह्याच खोलीत रांगला.

लग्नाच्या दिवशी साक्षीदार म्हणून सही केली आणि न जेवता निघून गेला होता, आठवतं ना? ह्या वेळी जेवायला थांबतो म्हणालाय. त्याला तुमच्या हातची कोलंबी खाऊन बघायची आहे, असं सलोनीकडून कळलं. मला सांगायला लाजतो.

आज सोमवार. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा मी केव्हाच दारात येऊन उभी राहिले असेन, तुमच्याशी कशावरून तरी वाद घालत असेन. फोनही करता आला असता, आता जिन्यात जायचीही गरज नाही, अर्धी चाळ रिकामी आहे. तरी लिहीत बसले. तुम्ही जवळ नसताना तुमच्याजवळ बसायची दुसरी रीत मला अजून सापडलेली नाही.

तुमची,
सुमेधा